कँटरबरीचा मामा, म्युनिकची भाची

आमच्या घरात गाण्यावरून वाद नवे नाहीत. आजोबांच्या वेळी ते किराणा की जयपूर असे रंगायचे. माझा आणि मामाचा वाद त्या मानाने दूरच्या मुलखातला आहे: १९७० च्या दशकात जॅझ आणि रॉक यांची सांगड घालणारे बँड ब्रिटनचे सरस की पश्चिम जर्मनीचे? मामा तरुणपणी लंडनला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या लेखी हे सगळं संगीत कँटरबरी गावातून निघालेल्या सॉफ्ट मशीनपाशी सुरू होतं. मी म्युनिकमध्ये राहते आणि माझा कौल क्रान, गुरु गुरु, एम्ब्रियो यांच्या बाजूने. खालचा संवाद आमच्या फोनवर लांबलेल्या बोलण्यातून जुळवला आहे. अधूनमधून मी बाजूला होऊन लिहिलं आहे, कारण काही गोष्टी भांडणाच्या भरात नीट सांगून होत नाहीत.

मामा : हे बघ, आधी ‘थर्ड’ ऐक, मग बोल. सॉफ्ट मशीन, १९७०. दुहेरी एलपी, चार बाजू, चार रचना, एकेक अठरा-एकोणीस मिनिटांची. माइक रॅटलेज ऑक्सफर्डला शिकलेला. त्याच्या आणि ह्यू हॉपरच्या रचना सात, नऊ, अकरा मात्रांत चालतात आणि तरी कुठे अडखळत नाहीत. लाउरी कंपनीचा ऑर्गन तो फझ लावून वाजवायचा. हात उचलला की स्पीकर किंचाळायला लागायचा, म्हणून तो न थांबता वाजवत राहायचा असं सांगतात. एका अडचणीतून केवढी शैली उभी राहिली!

मी : ऐकलाय रे मामा, आणि मनापासून आवडतो. पण त्यातला तुला सगळ्यांत जवळचा भाग कुठला?

मामा : ‘मून इन जून’. रॉबर्ट वायटचं. सुरुवातीचा बराच भाग त्याने एकट्याने वाजवलाय. ड्रम तर त्याचेच, वर ऑर्गन आणि बासही.

मी : म्हणजे बँडच्या सगळ्यांत मोठ्या रेकॉर्डवरचा तुझा आवडता तुकडा बँडशिवाय झाला. माझं म्हणणं तेच आहे. तुमच्याकडे माणसं अफाट होती. पण ती एकत्र टिकत नव्हती. वायट १९७१ मध्ये बाहेर पडला, १९७६ मध्ये रॅटलेज गेला आणि मूळ बँडमधलं कुणीच उरलं नाही. नाव तेवढं चालू राहिलं.

मामा : माणसं बदलली म्हणून संगीत कमी होतं का? कार्ल जेंकिन्स आला, अ‍ॅलन होल्ड्सवर्थ आला. ‘बंडल्स’मधली होल्ड्सवर्थची गिटार ऐक. ब्रॅडफर्डचा हा माणूस गिटारवर सॅक्सोफोनसारखी लांब, जोडलेली तान घेतो, आणि जगभरचे गिटारवाले अजून ती शिकायची धडपड करतात. मला बँड म्हणजे संस्था असावी असं वाटतच नाही. चार हुशार माणसं काही वर्षं एकत्र यावीत, काही करावं आणि आपापल्या वाटेने जावं. आणि त्यांची ताकद कुठवर पोचली ते बघ. ऑगस्ट १९७० मध्ये सॉफ्ट मशीन रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्सला वाजवायला बसला. अभिजात संगीताचा एवढा मानाचा उत्सव, त्यात रॉक बँड! वायटने आठवण सांगितली आहे की तो मध्ये बाहेर गेला, तर दारावरचा माणूस त्याला परत आत सोडेना. आत फक्त खरं संगीत असतं, असं त्याचं म्हणणं.

मी : मला त्या दारवानाचीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तुमच्या बँडना त्या दारातून आत जायचं होतं. इथल्या बँडना तसलं दारच नको होतं.

मामा : हे जरा मोठं वाक्य झालं. उदाहरण दे.

मी : कॅन. कोलोनचा बँड. ‘टागो मागो’, १९७१, त्यातलं ‘हॅलेलुवा’. तेही एलपीची एक अख्खी बाजू, तेही अठरा मिनिटांचं. पण याकी लीबेत्साइटचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ तोच. हा माणूस आधी मानफ्रेड शूफच्या पंचकात मुक्त जॅझ वाजवायचा. म्हणजे ठेका पार मोडून टाकायचा, मात्रा कुणी मोजायच्याच नाहीत. तिथून तो मुद्दाम परत आला आणि एकाच आवर्तनात राहायचं ठरवलं. होल्गर चुकाय स्टॉकहाउझेनचा विद्यार्थी. तासन् तास वाजवलेल्या टेपा तो कापायचा, जोडायचा. रचना वाजवण्याच्या आधी कागदावर नसायची, वाजवून झाल्यावर कात्रीने व्हायची.

मामा : कॅन थोर आहे, मान्य. पण तो जॅझ-रॉक नाही. त्यात सुरावटींचा विचार कुठे आहे? एकाच स्वरावर अठरा मिनिटं बसायचं आणि त्याला गहन म्हणायचं, हे मला पटत नाही.

मी : तू तंबोऱ्यासमोर वाढलास आणि एका स्वरावर बसण्याला नावं ठेवतोस?

मामा : तंबोऱ्यावर गाणारा असतो, बाळा. नुसता तंबोरा ऐकायला कोण बसतं?

हा मुद्दा तिथेच राहिला. पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला दोघांच्याही मतांपेक्षा मोलाची वाटते. या दोन देशांतले वादक जॅझ-रॉकच्या चौकात उलट दिशांनी येऊन पोचले होते. ब्रिटनमध्ये बहुतेक जण ऱ्हिदम अँड ब्लूज किंवा सायकेडेलिक रॉकमधून निघाले आणि जॅझकडे गेले. कोलोसियमचे जॉन हाइझमन आणि डिक हेक्स्टल-स्मिथ हे दोघे आधी ग्रॅहॅम बाँडकडे, मग जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडमध्ये होते. सॉफ्ट मशीनने १९६८ च्या आधी लंडनच्या क्लबांत पिंक फ्लॉइडच्या बरोबरीने वाजवलं होतं. त्यांना हवं होतं ते जास्तीचं व्याकरण: अवघड स्वरसंगती, विषम मात्रा, लांब रचना.

पश्चिम जर्मनीत उलटं झालं. पेटर ब्रोट्झमनचं ‘मशीन गन’ १९६८ चं. युद्धानंतरच्या पिढीचा संताप त्यात उघडा आहे. वडिलांच्या पिढीबद्दल प्रश्न होते, रेडिओवर गोडगोड श्लागर गाणी होती, आणि अमेरिकन जॅझची नक्कल करायची या तरुणांची तयारी नव्हती. मुक्त जॅझमध्ये सगळं मोडून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापैकी काहींना पडला. लीबेत्साइटला पडला. ड्रमर मानी नॉयमायर आणि बासवादक उली ट्रेप्टं यांनाही पडला. या दोघांनी इरेन श्वाइत्सरच्या त्रयीतून निघून १९६८ मध्ये गुरु गुरु काढला. त्यांना हवं होतं ते साधेपण: ठेका, शरीर, एकत्र वाजवण्यातली ऊब. म्हणून मामाला जर्मन बँड कच्चे वाटतात आणि मला ते पोचलेले वाटतात. ते काहीतरी सोडून आले होते.

मामाचा याला आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे.

मामा : तुझ्या या चित्रात क्लाउस डोल्डिंगर कुठे बसतो? पासपोर्ट हा तुमचा सगळ्यांत नावाजलेला जॅझ-रॉक बँड. तो काही मोडून आलेला माणूस नाही. डिक्सीलँड वाजवत मोठा झाला, संगीत शिकला, ‘टाटोर्ट’ मालिकेचं शीर्षकसंगीत केलं, पुढे ‘दास बोट’ चित्रपटाचं. ‘क्रॉस-कोलॅटरल’ मी कितीदा तरी ऐकलाय. सुरेख वाजवतात. पण वेदर रिपोर्टच्या इतक्या जवळचं, की डोळे मिटले तर जर्मनी दिसतच नाही.

मी : पासपोर्टच्या बाबतीत मी भांडणार नाही. गुळगुळीत आहे. ‘टाटोर्ट’ची धून मात्र इथे रविवारी रात्री घराघरांत वाजते, ती १९७० पासून. एका जॅझवाल्याचं काम एवढ्या लोकांच्या कानात राहावं हे मला छोटं वाटत नाही. पण माझा खरा बँड क्रान.

मामा : बासवाला चांगला आहे त्यांचा.

मी : चांगला? हेलमुट हाटलर पिकने बास वाजवतो, त्यामुळे प्रत्येक स्वर टपटप वेगळा पडतो आणि बास मागे न राहता गाणं पुढून ओढतो. वर पेटर वोल्ब्रांटची गिटार, त्याचा भाऊ यान फ्रीडं ड्रमवर, आणि योहानेस पप्पर्टचा सॅक्सोफोन, तोही इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून काढलेला. उल्मची ही मुलं. पुढे वेस्टफालियात विंट्रुप नावाचा एक जुना शेतवाडा त्यांना राहायला मिळाला. कुणा काउंटच्या मालकीचा. तिथे सगळे एकत्र राहायचे, दिवसभर वाजवायचे. १९७३ च्या एलपीला नावही ‘विंट्रुप’च दिलं. बर्लिनच्या क्वार्टिअर लाटिनमधल्या कार्यक्रमांचा थेट एलपी १९७५ मध्ये आला, तो कॉनी प्लांकने मुद्रित केला. तो ऐक. चौघं एकमेकांना वाट कशी देतात ते बघ. कुणी एकल वादन करतोय असं वाटतच नाही.

मामा : ऐकलाय. उत्साह आहे, चाल आहे, ऐकताना पाय हलतो. पण कार्यक्रम संपल्यावर गुणगुणायला काय उरतं? एकत्र स्वयंपाक केल्याने रचना चांगली होते हे मला कुणी दाखवून दिलेलं नाही. हॅटफील्ड अँड द नॉर्थ घे. चार वर्षंसुद्धा धड टिकले नाहीत, पैसे नव्हते, मॅनेजर नव्हता म्हणावा असा. पण त्यांची सुरावट अशी वळते की पुढचा स्वर कुठला येईल ते सांगता येत नाही, आणि आला की दुसरा कुठला असूच शकत नव्हता असं वाटतं. हे बुद्धीचं काम आहे. ते शेतवाड्यावर होत नाही, एकट्याने रात्री पियानोपाशी बसून होतं.

इथे मामा बरोबर आहे. क्रानचे एलपी मी भरपूर ऐकले, आणि त्यांतली वेळ आठवते, अंगातली झिंग आठवते, सुरावटी मोजक्याच आठवतात. हॅटफील्डच्या पहिल्या एलपीतल्या किती तरी जागा मात्र तोंडपाठ आहेत.

पण ‘पैसे नव्हते’ हे दोन शब्द मामाने सहज म्हटले. मला तिथेच थांबायचं आहे.

मी : मामा, इयन कार तुझा लाडका ना?

मामा : प्रश्नच नाही. ट्रम्पेटवाला, लिहिणारा, शिकवणारा. १९६९ मध्ये न्यूक्लियस काढला. पुढच्या वर्षी ‘इलॅस्टिक रॉक’ आला, मॉन्त्रोच्या जॅझ महोत्सवात पहिलं बक्षीस मिळवलं. कार्ल जेंकिन्सची ओबो त्यात आहे, जॉन मार्शलचे ड्रम. जॅझ-रॉक म्हणजे मोठा आवाज, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एलपी ऐकावा. किती शांत आहे. सगळ्या रचना एकीतून दुसरीत वाहत जातात. माइल्स डेव्हिसचं पुस्तक लिहावं तर कारनेच, तसं त्याने लिहिलंही.

मी : त्याने १९७३ मध्ये अजून एक पुस्तक लिहिलं, ‘म्यूझिक आउटसाइड’. ब्रिटनमधल्या त्याच्याच पिढीच्या जॅझवाल्यांबद्दल. नावातच आहे ना, बाहेर! एवढं चांगलं काम करूनही ही माणसं आपल्याच देशात कडेला उभी होती, हे तो सांगतो. जॉन मॅक्लाफ्लिन आणि डेव्ह हॉलंड आधीच माइल्सकडे न्यूयॉर्कला निघून गेले होते. राहिले त्यांना काम कोण देत होतं?

मामा : बीबीसी देत होती. असं काय करतेस? जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी किती बँड स्टुडिओत येऊन वाजवून गेले! आणि त्यामागे कारण होतं. वादकांच्या युनियनने रेडिओवर रेकॉर्डी किती वेळ लावायच्या यावर मर्यादा घालून घेतली होती, म्हणून बीबीसीला माणसं बोलावून थेट वाजवून घ्यावंच लागायचं. सॉफ्ट मशीनने १९६९ मध्ये तिथे ‘मून इन जून’ केलं, तेव्हा वायटने शब्द बदलून बीबीसीचेच आभार मानले, हवं तेवढं लांब वाजवू देता म्हणून.

मी : ही गोष्ट फार सुंदर आहे. पण बीबीसी एक. इथे रेडिओ केंद्रं किती होती बघ. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की जर्मनीत एकच सरकारी रेडिओ पुन्हा होऊ द्यायचा नाही. गोबेल्सने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून प्रत्येक भागाचं स्वतंत्र केंद्र झालं: म्युनिक, स्टुटगार्ट, बाडेन-बाडेन, हॅम्बर्ग, कोलोन. ब्रिटिश विभागातलं केंद्र उभं करायला बीबीसीचा ह्यू ग्रीन आला, कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीनचा भाऊ. त्या केंद्रातून १९५६ मध्ये हॅम्बर्गचं एनडीआर आणि कोलोनचं डब्ल्यूडीआर अशी दोन झाली. आता गंमत ऐक. मे १९७३ मध्ये सॉफ्ट मशीन कुठे वाजवतोय? हॅम्बर्गला, एनडीआरच्या जॅझ वर्कशॉपमध्ये. म्हणजे तुमच्याच माणसाने घातलेल्या पायावर उभ्या राहिलेल्या केंद्रात.

मामा : हे मला माहीत नव्हतं.

मी : प्रत्येक केंद्राला आपापला जॅझ विभाग. बाडेन-बाडेनला योआखिम-एर्न्स्ट बेरेंट. श्रोत्यांच्या शुल्कावर चालणारी केंद्रं, त्यामुळे खप किती याची चिंता नाही. शिवाय गावोगावची सांस्कृतिक केंद्रं, आणि परदेशी पाठवणारी ग्योटे इन्स्टिट्यूट. आल्बर्ट मांगेल्सडोर्फ १९६४ मध्ये तिच्या दौऱ्यावर आशियात फिरला आणि परत येऊन ‘नाउ जॅझ रामवोंग’ केला. त्यात ‘पथेर पांचाली’तल्या रविशंकरांच्या धुनेवर एक रचना आहे.

मामा : पण हे सगळं सरकारी पाठबळ झालं. पाठबळातून सुस्त संगीतही होतं. आमच्याकडे वादक स्वतः उभे राहिले. डेरेक बेली, इव्हन पार्कर आणि टोनी ऑक्स्ली यांनी १९७० मध्ये इंकस हे स्वतःचं लेबल काढलं. दक्षिण आफ्रिकेतून आलेला हॅरी मिलर आणि त्याची बायको हेझल यांनी ओगन काढलं, त्यावर सॉफ्ट मशीनमधल्या आमच्या एल्टन डीनच्या रेकॉर्डी आल्या. तुझ्या म्युनिकच्या मंडळींनी काय केलं?

मी : १९७६ मध्ये एम्ब्रियो, मिसस बीस्टली, टोन श्टाइने शेर्बेन आणि इतर काहींनी मिळून एप्रिल हे लेबल काढलं. त्या नावावर एका बड्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा नाव बदलून श्नेबाल केलं. रेकॉर्डी वादकच काढणार, वादकच वाटणार, वादकच विकणार. तू म्हणतोस तशीच जिद्द. फक्त इथे एकेका वादकाच्या जागी अख्खे बँड एकत्र आले.

मग आमच्या वादात एक मराठी माणूस आला, आणि वादाला निराळंच वळण लागलं.

केशव साठे मुंबईचे तबलावादक. १९५० च्या दशकात ते लंडनला गेले. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर तेव्हा लंडनच्या ऑर्केस्ट्रांत व्हायोलिन वाजवत आणि स्वतः रचना करत. त्यांनी जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर दुहेरी पंचक उभं केलं: पाच जण जॅझचे, पाच भारतीय संगीताचे. १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ आला, पाठोपाठ ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’. तबल्यावर साठे, सतारीवर दिवाण मोतीहार. मेयर यांनी रागांवरून स्वररचना कागदावर लिहून दिल्या होत्या. हॅरियट हा मुक्त जॅझच्या अगदी पहिल्या वादकांपैकी, पण इथे त्याला मेयर यांच्या आखणीत राहून फुलायचं होतं. तो फुललाही.

१९६७ मध्ये तेच साठे आणि तेच मोतीहार जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’ या एलपीवर दिसतात. तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर. निर्माते बेरेंट. समोर इरेन श्वाइत्सरचा पियानो, मानफ्रेड शूफचा ट्रम्पेट, बार्नी विलेनचा सॅक्सोफोन, उली ट्रेप्टंचा बास आणि मानी नॉयमायरचे ड्रम. म्हणजे गुरु गुरुमधले दोघे, वर्षभर आधी. इथे लिहिलेलं फार नाही. भारतीय मंडळी आपलं वाजवतात, जॅझवाले आपलं, आणि दोन्ही प्रवाह एकमेकांवर येऊन आदळतात. एका रचनेचं नावच ‘ब्रिगाख अँड गँजेस’ आहे. ब्रिगाख ही ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन गावातून वाहणारी लहानशी नदी. रेकॉर्ड काढणारी कंपनी त्याच गावची.

मामा आणि मी दोन्ही रेकॉर्डी पाठोपाठ ऐकल्या, आपापल्या घरी, फोन चालू ठेवून.

मामा : लंडनच्या रेकॉर्डवर साठ्यांचा ठेका घट्ट आहे. सगळ्यांना बांधून ठेवतो. जर्मनीच्या रेकॉर्डवर ते थोडे एकटे वाटतात मला. ड्रम चारी बाजूंनी कोसळतात, आणि ते शांतपणे आपलं आवर्तन सांभाळून समेवर येतात.

मी : मला तेच आवडतं! त्यांना कुणी पाश्चात्त्य मात्रेत बसवलेलं नाही. लंडनमध्ये तबला ऑर्केस्ट्राचा एक भाग झाला. जर्मनीत तो तबला राहिला.

मामा : आणि एकमेकांशी बोलणं? ते कुठे झालं जास्त?

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. आता विचारलं तर म्हणेन, लंडनमध्ये झालं. मेयर दोन्ही भाषा जाणत होते, म्हणून त्यांना दुवा बांधता आला. जर्मनीतल्या मंडळींना ते त्या दिवशी जमलं नव्हतं, पण त्यांच्यातली ओढ टिकली. एम्ब्रियोचा क्रिस्टियान बुर्खार्ड १९७८ मध्ये बँडला बसमध्ये घालून म्युनिकहून निघाला आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात आला. वाटेत जो वादक भेटेल त्याच्याबरोबर वाजवायचं, एवढाच बेत. या प्रवासावर ‘वागाबुंडन कारावाने’ हा चित्रपट निघाला आणि ‘एम्ब्रियोज राइझे’ हा दुहेरी एलपी. बंगळूरच्या कर्नाटका कॉलेज ऑफ पर्कशनच्या मंडळींशी त्यांचं सूत जमलं. चार्ली मारियानो हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक एम्ब्रियोबरोबर वाजवायचा, तो दक्षिणेत येऊन नादस्वरम शिकला. ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचा मुलगा त्रिलोक जर्मनीत आला, तेव्हा त्यानेही एम्ब्रियोबरोबर वाजवलं. गिटारवाला रोमन बुंका पुढे ऊदवादक म्हणून नावाजला. ही माणसं एका रेकॉर्डपुरती आलेली नव्हती. बुर्खार्ड २०१८ मध्ये गेला, आणि बँड आता त्याची मुलगी मार्या चालवते.

मामा : एम्ब्रियोबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. पण एक गोष्ट तू टाळतेस. गळा. तुमच्या बँडना गाता येत नव्हतं.

मी : डागमार क्राउझ! हॅम्बर्गची. स्लॅप हॅपीमध्ये फाउस्टच्या साथीवर गायली, मग तुमच्या हेन्री काऊमध्ये.

मामा : बघ, तीही शेवटी आमच्याकडे आली. आणि वायटचं काय? १ जून १९७३ ला खिडकीतून पडला, कंबरेखालचं शरीर गेलं. ड्रमर पुन्हा ड्रमवर बसू शकणार नाही. पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीनने त्याच्यासाठी मदतीचा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी त्याने ‘रॉक बॉटम’ दिला. त्या एलपीत ना कसरत आहे ना विषम मात्रांचा दिमाख. एक बारीक, उंच, थोडा चिरका आवाज आहे, आणि त्यात सगळं आहे. माझ्यापुढे अख्खा जर्मनी ठेव, मी हा एक एलपी उचलीन.

मी गप्प राहिले, कारण ‘रॉक बॉटम’पुढे ठेवायला माझ्याकडे काही नाही. मात्र मामाने अख्ख्या जर्मनीला ज्या माणसांपासून वेगळं काढलं, ती स्वतः तसं मानत नव्हती. जर्मन पियानोवादक व्होल्फगांग डाउनरने १९७२ च्या ‘क्निर्श’ या एलपीवर ड्रमसाठी जॉन हाइझमनला बोलावलं होतं. १९७५ मध्ये स्टुटगार्टला दूरदर्शनच्या एका तरुणांच्या कार्यक्रमासाठी त्याने वाद्यवृंद जमवला, तोच पुढे युनायटेड जॅझ अँड रॉक आन्सांब्ल झाला. त्यात मांगेल्सडोर्फ, फोल्कर क्रीगल, एबरहार्ड वेबर आणि मारियानो होते, आणि त्यांच्या शेजारी इयन कार, जॉन हाइझमन, त्याची बायको बार्बरा थॉम्प्सन आणि लंडनला स्थायिक झालेला कॅनडाचा केनी व्हीलर. प्रत्येक जण आपापल्या बँडचा म्होरक्या. १९७७ मध्ये ‘लाइव्ह इम शुत्सेनहाउस’ आला, तो मूड या लेबलवर, आणि त्या लेबलची मालकी डाउनर आणि त्याच्या साथीदारांकडे. ज्या कारने आपल्या देशातल्या वादकांच्या हलाखीवर पुस्तक लिहिलं, त्याला भरलेली सभागृहं आणि नियमित दौरे मिळाले ते या जर्मन वाद्यवृंदात. कोलोसियम १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आला, तेव्हाचा मैफिलीचा एलपीही कोलोनला मुद्रित झाला.

म्हणून माझा कौल जर्मनीकडेच राहतो. सर्वांत मोठ्या चार-पाच रेकॉर्डी निवडायला सांगितलं तर त्यांतल्या निदान तीन मी ब्रिटनच्या निवडीन, ‘थर्ड’ आणि ‘रॉक बॉटम’ धरून. तरी मला विचाराल की या संगीताला कुठल्या देशाने जगवलं, तर उत्तर स्टुटगार्ट, हॅम्बर्ग आणि म्युनिक हेच आहे, आणि त्यात ब्रिटिश वादकांना जगवणंही आलं. मामा हे मान्य करत नाही. तो म्हणतो, रेकॉर्ड राहते, बाकी सगळं हिशेबाच्या वहीत जातं.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघं एकमताने अडून बसलो आहोत. लंडनच्या आणि जर्मनीच्या या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी असलेल्या केशव साठ्यांबद्दल मराठीत सविस्तर लिहिलं जायला हवं. त्यांनी पुढे लोकसंगीतवाल्या जॉन रेनबोर्नच्या बँडमध्येही तबला वाजवला, म्हणजे ही गोष्ट इथे संपतसुद्धा नाही. मुंबईत, पुण्यात किंवा लंडनच्या मराठी मंडळींत कुणाला त्यांचा सहवास लाभला असेल, त्यांच्याकडे कुणी तबला शिकलं असेल, कुणाकडे पत्रं, फोटो किंवा टेपा असतील, तर त्यांनी ते आता लिहून, जपून ठेवावं, आणि या मासिकाकडे पाठवावं.